मागचा शेजारी बघून घे

शोध चुकतोय असं वाटलं की लगेच फंक्शनवर खापर फोडू नकोस. आधी दोन्हींचे आकडे छाप. शोधायचा शब्द आणि ज्यात शोधायचं तो मजकूर, दोन्ही एकाखाली एक, प्रत्येक खुणेचा युनिकोड क्रमांक दिसेल असे. माझ्या पहिल्या नोकरीत आमचे सर हेच सांगायचे आणि गेल्या २३ वर्षांत याहून उपयोगी सल्ला मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही. पडद्यावर दोन शब्द हुबेहूब सारखे दिसतात आणि आत त्यांचे आकडे निराळे असतात. मराठीत तर हे रोजचंच आहे.

तू आता देवनागरी मजकुरात शोध घेणाऱ्या कामावर रुजू होते आहेस, तेही सी भाषेत. म्हणून मावशीच्या नात्यानं जे ठाऊक आहे ते लिहून ठेवते. फंक्शनांची नावं आपण बोलताना घेतो तशीच लिहिते आहे, मॅन्युअलमध्ये तू ती बरोबर ओळखशील. एक अक्षर पुढून शोधणारं डब्ल्यूसीएस-चर, मागून शोधणारं डब्ल्यूसीएस-आर-चर, शब्दात शब्द शोधणारं डब्ल्यूसीएस-स्टर, अनेकांपैकी कुठलंही एक शोधणारं डब्ल्यूसीएस-पीब्रेक. मग स्पॅन आणि सीस्पॅन ही मोजणारी जोडी, तुकडे पाडणारं टोक, आणि ठरावीक लांबीत शोधणारं डब्ल्यू-मेम-चर. जुन्या स्ट्र-कुळाची ही वाइड भावंडं. सीच्या प्रमाणात ती १९९५च्या दुरुस्तीनं आली आणि पुढं १९९९च्या प्रमाणात कायम झाली. म्हणजे ती मुरलेली आहेत. चूक सापडली तर ती आपल्या मजकुरात किंवा आपल्या गृहीतकात असणार, हे धरून चाल.

या फंक्शनांना अक्षर कळत नाही, आकडा कळतो. शाळेत आपण 'श्री' हे एक अक्षर मोजतो, पण आत ते श, हलन्ताची खूण, र आणि दीर्घ ईची वेलांटी असे चार आकडे आहेत. 'महाराष्ट्र' हाताशी घेऊन मोज. म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. दहा. लांबी मोजणारं डब्ल्यूसीएस-लेन तुला दहाच सांगेल, आणि शोधणारी सगळी भावंडं याच दहा आकड्यांवरून चालतात. त्यामुळे 'क्ष' शोधायला डब्ल्यूसीएस-चर वापरता येत नाही. ते एकच आकडा घेतं आणि 'क्ष' म्हणजे तीन आकडे. एकेरी अवतरणात 'क्ष' लिहिलास तर काही कंपायलर नुसता इशारा देतील, आणि त्यातून कुठला आकडा निघेल ते त्या त्या कंपायलरवर सोडलेलं आहे. जोडाक्षर शोधायचं असेल तर नेहमी दुहेरी अवतरण आणि डब्ल्यूसीएस-स्टर.

आता खरी गोष्ट सांगते, कारण हा धडा मी फुकट शिकलेले नाही.

एका ग्रंथालयाची सूची आम्ही संगणकावर घेतली होती. काम नेटकं झालं होतं, शोध झटपट चालत होता. उद्घाटनाच्या दिवशी एका आजोबांनी खोक्यात 'राम' टाइप केलं. रामायणं आली, रामदासांचे ग्रंथ आले, आणि त्यांच्या मधोमध तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' आली. मागोमाग ग्रामपंचायतीचे कायदे, ग्रामोद्योगाच्या पुस्तिका. आजोबा काही बोलले नाहीत, पण माझ्याकडे वळून बघितलं. ती नजर अजून लक्षात आहे.

रात्री बसून आकडे छापले. 'ग्राम' म्हणजे ग, हलन्त, र, काना, म. शेवटचे तीन आकडे काढून बघ, तोच 'राम'. डब्ल्यूसीएस-स्टरनं सांगितलेलं काम चोख केलं होतं. 'प्रामाणिक'मध्येही त्याला राम सापडतो. डोळ्यांना तो तिथं कधी दिसणार नाही, कारण तिथला र आपल्याला पायाखालच्या तिरक्या रेघेत दिसतो.

उपाय दोन ओळींचा आहे. सापडलेल्या जागेच्या लगेच मागची खूण बघ. ती हलन्ताची असेल, म्हणजे तिचा क्रमांक ०९४डी असेल, तर आपण जोडाक्षराच्या पोटात शिरलो आहोत. ती जागा सोडून एक घर पुढं सरक आणि पुन्हा शोध. फक्त मागं बघण्याआधी सापडलेली जागा मजकुराची सुरुवातच नाही ना, तेवढं तपास. नाहीतर मजकुराच्या बाहेरची स्मृती वाचशील.

मग तू म्हणशील, पुढचा शेजारीही तसाच तपासू. पुढं काना, मात्रा, वेलांटी असेल तर शब्द अर्ध्यात कापला गेला असं समजू. इथं थांब. हिशेबानं ते बरोबर आहे आणि मराठीसाठी चूक आहे. आपली भाषा प्रत्यय शेवटी लावते. 'घर' शोधणाऱ्याला घरात, घराला, घरी, घरून हे सगळं हवं असतं आणि या प्रत्येकात 'घर'च्या पुढं मात्रा आहे. पुढचा शेजारी कडक तपासलास तर अर्धा मजकूर हरवेल. म्हणून माझा नियम असा, मागची बाजू कडक, पुढची सैल. फक्त एकट्या व्यंजनाचा शोध असेल तेव्हा पुढंही हलन्त बघ, म्हणजे 'क' शोधताना 'क्षमा' येणार नाही.

'आराम' आणि 'विराम' यानं जात नाहीत, हे खरं. तिथं रच्या मागं हलन्त नाही. शब्दाच्या सुरुवातीलाच शोध असा पर्याय दिला की ते जातात, पण मग परशुराम आणि तुकारामही जातात. हे आपण परस्पर ठरवू नये. वापरणाऱ्यासमोर दोन्ही पर्याय ठेव, आपल्याला काय हवं ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता लिहिण्याच्या तऱ्हा. 'तऱ्हा' या शब्दातच बघ. हा अर्धचंद्रासारखा आडवा र दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मागोमाग शून्य रुंदीचा जोडक, ज्याचा क्रमांक २००डी. दिसायला दोन्ही सारखे. एका कळफलकावरून एक येतो, दुसऱ्यावरून दुसरा, आणि सूचीत दोन्ही मिसळलेले असतात. कुणी तरी सल्ला देईल की हे न दिसणारे जोडक सरसकट काढून टाक. असं कधीही करू नकोस. दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेल्या 'दऱ्या'मधला जोडक काढलास की त्याचा 'दर्या' होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांचंही तेच, स्वयंपाक करणाऱ्याचं आमंत्रण शिकवणाऱ्याला जाईल. आधी र, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाल, आणि मगच उरलेले जोडक काढ. क्रम महत्त्वाचा आहे, तो उलटा करू नकोस.

'ॲ'चंही असंच. या अक्षराला स्वतःचा क्रमांक युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली मिळाला. त्याआधीचा मजकूर अ आणि वरचा चंद्र असा दोन आकड्यांत आहे, कधी त्यांच्या मध्ये जोडकही असतो. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक मानत नाही, त्यामुळे एखादी तयार लायब्ररी हे करून देईल या भरवशावर राहू नकोस. स्वतः बदल.

आणि विसर्ग. हा तर घरोघरी आहे. 'दुःख'मधला विसर्ग पुष्कळ जण कोलन दाबून लिहितात, 'दु:ख'. तू दहा मासिकांचा मजकूर घेतलास तर दोन्ही सापडतील. दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर असलेला कोलन मी विसर्ग धरते. आकड्यांमधला धरत नाही, कारण तिथं तो वेळ सांगत असतो. ओवी-अभंगांच्या मजकुरात दंडाच्या जागी कळफलकावरची साधी उभी रेघ असते. तिथं डब्ल्यूसीएस-पीब्रेक कामाला येतं, त्याच्या संचात दंड, दुहेरी दंड आणि ती उभी रेघ तिन्ही घाल, पहिली जी भेटेल तिथं चरण संपला.

जुनी पुस्तकं असतील तर आणखी एक. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे. त्याआधीच्या छपाईत 'कांहीं', 'नांव', 'घरें' असे अनुस्वार सर्रास आहेत. आजचा वाचक 'काही' टाइप करतो आणि त्याला १९४०चं पुस्तक सापडत नाही. अशा संग्रहासाठी अनुस्वार बाजूला ठेवून शोधण्याची सोय मुद्दाम कर. ती वेगळी सोय असू दे, नेहमीच्या शोधात नको. नाहीतर 'अंग' आणि 'अग' एक होऊन बसतील.

हे सगळं करायचं कुठं? मूळ मजकुराला हात लावायचा नाही. दोन प्रती ठेव. एक दाखवायची, लेखकानं लिहिली तशी. दुसरी शोधायची, अनुस्वाराचा सोडून वरचे सगळे बदल केलेली. शोधायच्या प्रतीतल्या प्रत्येक आकड्यासोबत तो मूळ प्रतीत कितव्या जागी होता ते एका वेगळ्या अ‍ॅरेमध्ये लिहून ठेव. डब्ल्यूसीएस-स्टर पत्ता देतं. त्यातून सुरुवातीचा पत्ता वजा केला की जागा मिळते, आणि ती बाइटांत नाही, वाइड अक्षरांत मिळते. त्या जागेवरून मूळ प्रतीत जाऊन शब्द पिवळा कर. आणि वापरणाऱ्यानं टाइप केलेला शब्दसुद्धा त्याच बदलांतून काढ. मजकूर धुऊन घेतात आणि शोधशब्द तसाच ठेवतात, ही चूक मी इतरांच्या कोडमध्ये पुष्कळदा दुरुस्त केली आहे.

आता सुटे कानमंत्र. हे पटापट सांगते, पण यातला एकेक कुणाच्या तरी रात्रीच्या जागरणातून आलेला आहे.

वजाबाकीच्या आधी उत्तर नल आहे का ते बघ. नाही सापडलं तर नल येतं, आणि नलमधून पत्ता वजा करून आलेला आकडा कधी कधी खरा वाटण्याइतका फसवा असतो.

शोधशब्द रिकामा असेल तर डब्ल्यूसीएस-स्टर मजकुराची सुरुवातच परत देतं. प्रमाणातच तसं लिहिलं आहे. सापडल्यावर शब्दाच्या लांबीइतकं पुढं सरकायचं असं तुझं चक्र असेल, तर लांबी शून्य आणि चक्र अखंड. कुणी रिकाम्या खोक्यावर एंटर दाबलं की प्रोग्राम गोठतो. लांबी शून्य असेल तर चक्रात शिरायचंच नाही.

ओळीच्या शेवटचं नवी-ओळ चिन्ह काढायला सीस्पॅन वापर. सीस्पॅन पहिल्या निषिद्ध खुणेपर्यंतची लांबी देतं, आणि तशी खूण नसेल तर पूर्ण लांबी देतं. त्या जागी शून्य लिही. खूण असली तर निघते, नसली तर शून्याच्या जागी शून्य पडतं. कुठलीही अट लागत नाही. विंडोजहून आलेल्या फायलींसाठी संचात परत-फिरण्याचं चिन्हही घाल.

टोक वापरताना दोन गोष्टी. ते मूळ स्ट्रिंगमध्ये शून्य लिहीत जातं, म्हणून अवतरणात लिहिलेली स्ट्रिंग त्याला देऊ नकोस. आणि लागोपाठ आलेले दोन स्वल्पविराम ते एकच धरतं. रकान्यांच्या फायलीत गावाचा रकाना रिकामा असला की तालुका गावाच्या जागी येतो, जिल्हा तालुक्याच्या. कुठं काही मोडत नाही, फक्त सगळी माहिती चुकीची होते. रकाने तोडायला सीस्पॅनच घे. वाइड टोक तीन गोष्टी मागतं, तिसरी म्हणजे जागा लक्षात ठेवणारा पॉइंटर. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या कंपायलरांत ते दोनच मागायचं, त्यामुळे जुना कोड हाती आला तर तिथं अडशील.

डब्ल्यू-मेम-चरला लांबी द्यायची ती अक्षरांची. साइझ-ऑफ बाइट देतं. लिनक्सवर एक वाइड अक्षर चार बाइटांचं असतं, म्हणजे साइझ-ऑफ तसंच दिलंस तर ते तुझ्या अ‍ॅरेच्या चौपट लांब जाईल. एका घटकाच्या आकारानं भाग.

हे पत्ते परत देणारी फंक्शनं आत कॉन्स्ट घेतात आणि बाहेर साधा पॉइंटर देतात. त्यामुळे ज्यात लिहू नये त्यात लिहायला मुभा मिळते. सी-२३ प्रमाणानं हे सुधारलं, कॉन्स्ट आत गेलं तर कॉन्स्टच बाहेर येतं. तुझा कंपायलर जुना असेल तर तू स्वतः कॉन्स्ट पॉइंटरमध्येच उत्तर घे.

मेनच्या पहिल्याच ओळीत सेट-लोकेल, रिकाम्या नावानं. शोधणाऱ्या फंक्शनांना लोकेल लागत नाही, पण फाइल वाचून बाइटांचे वाइड करणाऱ्यांना लागतं. एमबीएस-टू-डब्ल्यूसीएस चूक झाली की उणे एक देतं, पण ते बिनचिन्हाच्या प्रकारात. शून्याहून लहान आहे का असं विचारलंस तर उत्तर कायम नाही असंच येईल. उणे एकला साइझ-टीमध्ये बदलून बरोबरीच तपास. आणि फायलीच्या अगदी सुरुवातीला एफईएफएफ क्रमांकाची न दिसणारी खूण असू शकते. पहिल्या ओळीचा पहिलाच शब्द जुळत नाही आणि बाकी सगळे जुळतात, असं झालं की ती तिथं आहे.

विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालवायचं असेल तर हे लक्षात ठेव. विंडोजवर वाइड अक्षर दोन बाइटांचं. आपल्या देवनागरीला त्याचा त्रास नाही, तिचे क्रमांक ०९००पासून ०९७एफपर्यंत, दोन बाइटांत मावतात. पण मोडीचे मावत नाहीत. मोडी २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली आणि तिचे क्रमांक ११६००पासून सुरू होतात. विंडोजवर एकेक मोडी अक्षर दोन तुकड्यांत बसतं आणि डब्ल्यूसीएस-चर त्याला शोधू शकत नाही. मोडी दफ्तरांचं काम आता बरंच निघतं आहे, तुझ्याकडेही येईल. तिथं एका अक्षरासाठीही डब्ल्यूसीएस-स्टरच वापर, म्हणजे दोन्हीकडे एकच कोड चालतो.

आणि प्रामाणिकपणे एक सांगते. मजकूर यूटीएफ-८मध्ये असेल आणि नुसता शब्दात शब्द शोधायचा असेल, तर वाइड करायची गरजच नाही. जुनं स्ट्र-स्टर बरोबर चालतं, कारण यूटीएफ-८ची रचनाच अशी आहे की एका अक्षराचे बाइट दुसऱ्याच्या मध्यातून सुरू होत नाहीत. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये ती केली तेव्हा हे मुद्दाम जपलं होतं. वाइडचा फायदा होतो तो शेजारी बघताना, एकेक खूण बदलताना, दंड-विसर्ग ओळखताना. मराठीत हे सगळं लागतंच, म्हणून मी वाइड वापरते. पण जिथं लागत नाही तिथं रूपांतराचा खर्च करू नकोस.

सरांनी निवृत्त होताना मला शब्दांची एक छोटी फाइल दिली होती. त्यात वीस-पंचवीस शब्द होते. नवा शोध लिहिला की आधी तो या शब्दांवर चालवायचा, असं त्यांचं सांगणं होतं. मी त्यात भर घालत गेले. आज तीत राम आणि ग्राम आहेत, दर्या आणि दऱ्या दोन्ही पद्धतींनी, दुःख आणि दु:ख, ॲप तीन प्रकारांनी, कांहीं, क्षमा, तुकाराम, आराम, एक रिकामी ओळ, आणि सुरुवातीला ती न दिसणारी खूण. सोबत पाठवते आहे. तुझा शोध ज्या शब्दावर अडेल तो शेवटी जोड, आणि पुढं कुणी नवीन तुझ्या शेजारी येऊन बसलं की त्याला ही फाइल दे.